डीलरच्या वर्कशॉपमधून थेट ड्रॅग स्ट्रिपवर: येन्को, गिब आणि त्यांच्या गाड्यांचा माग

गॅरेजवाला_पिट्सबर्ग

मंडळी, मसल कारवर (म्हणजे मोठ्या इंजिनाच्या, जोरदार अमेरिकन गाड्यांवर) इथे अधूनमधून लिहिलं जातं, पण ते बहुतेक वेळा कंपनीने विकलेल्या गाड्यांबद्दल असतं. मला लिहायचंय डीलरांनी घडवलेल्या गाड्यांबद्दल. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या काही शेवरोले, डॉज, फोर्ड डीलरांनी शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये कंपनी देत नसलेलं इंजिन बसवलं आणि ती गाडी नंबर प्लेटसकट, हप्त्यांवर विकली. गिऱ्हाईक ती गाडी चालवत ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर, न्यायचं, टायर बदलून पाव मैल पळवायचं आणि तीच गाडी चालवत घरी यायचं.

माझ्या घरापासून अर्ध्या तासावर कॅनन्सबर्ग नावाचं गाव आहे. डॉन येन्को तिथला. घरचा धंदा शेवरोलेच्या डीलरशिपचा, स्वतः पक्का रेसर. 1966 मध्ये त्याने शेवरोलेच्या कॉर्व्हेअरवर काम करून ‘स्टिंगर’ काढली. रेसिंग संघटनेची मान्यता मिळवायला 100 गाड्या लागत होत्या, त्याने 100 केल्या. पण त्याचं नाव झालं ते शेवरोलेच्याच कॅमॅरोमुळे.

त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने जानेवारी 1963 मध्ये रेसिंगमधून अधिकृतपणे अंग काढून घेतलं. शिवाय कंपनीचा एक अंतर्गत नियम होता: कॉर्व्हेट आणि मोठ्या सेडान सोडल्या तर कोणत्याही गाडीत 400 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. त्यामुळे 1967 ची कॅमॅरो आली तेव्हा तिच्यात सगळ्यात मोठं इंजिन 396 चं होतं. आता 396 आणि 427 ही एकाच घराण्यातली इंजिनं. बाहेरून माप तेच, माउंटिंग तेच, गिअरबॉक्स तोच बसतो. मोठ्या इम्पालाला मिळणारं इंजिन हलक्या कॅमॅरोत सरळ उतरतं, हे कुठल्याही मेकॅनिकला दिसत होतं. येन्कोने 1967 आणि 1968 मध्ये हेच केलं. 396 वाल्या गाड्या मागवायच्या, इंजिन उतरवायचं, 427 चढवायचं.

1969 मध्ये चित्र बदललं. शेवरोलेकडे ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ नावाची सोय होती, तिचं लघुरूप कोपो. पोलिसांच्या गाड्या, टॅक्सी, एखाद्या कंपनीच्या ठरावीक रंगाच्या ट्रकांचा ताफा, अशा कामांसाठी ती ठेवलेली. शेवरोलेतला विन्स पिगिन्स हा माणूस रेसिंगवाल्यांच्या बाजूचा होता. त्याच्या मदतीने याच खिडकीतून 427 ची कॅमॅरो कारखान्यातच बनू लागली. कोपो 9561 म्हणजे बिडाच्या ब्लॉकचं, 425 अश्वशक्तीचं एल-72 इंजिन. कोपो 9560 म्हणजे पूर्ण ॲल्युमिनियमचं झेडएल-1.

झेडएल-1 ची गोष्ट मला सगळ्यात जवळची, कारण ती एका लहान गावातल्या डीलरच्या जिद्दीची आहे. इलिनॉयमधलं ला हार्प. तिथला शेवरोले डीलर फ्रेड गिब. त्याने 1968 मध्येच कोपोतून शेवरोलेच्या 50 नोव्हा गाड्या मागवल्या होत्या, 396 इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या. आकडा 50 च का? कारण ड्रॅग रेसिंगची राष्ट्रीय संघटना एनएचआरए निदान 50 गाड्या बनल्याशिवाय त्या मॉडेलला स्टॉक वर्गात (कारखान्यात बनलेल्या गाड्यांच्या वर्गात) घेत नसे. पुढच्या वर्षी गिबने 50 झेडएल-1 कॅमॅरो मागवल्या. नुसत्या इंजिनाचीच जादा किंमत निघाली 4,160 डॉलर. साध्या व्ही-8 कॅमॅरोची मूळ किंमत 2,700 डॉलरच्या आसपास, आणि ही गाडी 7,200 च्या वर गेली. गिबने 13 विकल्या, 37 कंपनीने परत घेऊन देशभरच्या इतर डीलरांकडे पाठवल्या. बाकीच्या डीलरांच्या ऑर्डरी धरून एकूण 69 बनल्या.

कागदावर या इंजिनाची ताकद 430 अश्वशक्ती. प्रत्यक्षात ते 500 च्या वर होतं. आकडा कमी दाखवण्यात सगळ्यांचाच फायदा होता, कारण स्ट्रिपवर गाडीचा वर्ग वजन आणि जाहीर अश्वशक्तीच्या गुणोत्तरावर ठरायचा.

आता मुद्द्यावर येतो. आज यातली एखादी गाडी समोर आली तर तिचा इतिहास काढायचा कसा? बहुतेक लोक बॉनेट उघडून इंजिनापासून सुरुवात करतात. माझं ठाम मत आहे की शोध डीलरपासून सुरू करावा. गाडी कोणाकडे उतरली, त्याने ती का मागवली, कोणाला विकली, जवळची स्ट्रिप कोणती. ही साखळी जुळली तर लोखंडाचे पुरावे अर्थपूर्ण होतात. ती नसेल तर बॉनेटखाली काय दिसतंय याला फारसं मोल नाही, कारण तिथलं सगळं बदलता येतं.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घाला.

शिकागोकर

उत्तम धागा. शिकागोची बाजू मी मांडतो.

आमच्याकडे निकी शेवरोले ही डीलरशिप होती, आयर्विंग पार्क रोडवर. पाटीवरचं इंग्रजी ‘के’ मुद्दाम उलटं लिहिलेलं, त्यामुळे जुन्या फोटोंत ती लगेच ओळखू येते. 1967 ची कॅमॅरो बाजारात येताच निकीने रेसच्या गाड्या बांधणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या बिल थॉमसच्या जोडीने 427 च्या गाड्या सुरू केल्या. ड्रॅग रेसर डिक हॅरेल त्या काळात निकीकडेच होता, आणि पुढे फ्रेड गिबच्या गाड्यांमागेही तोच. या माणसाचं नाव इतक्या डीलरांशी जोडलेलं आहे की त्याचा प्रवास लक्षात ठेवला तर निम्मा नकाशा समजतो. सप्टेंबर 1971 मध्ये टोरांटोला शर्यतीत अपघात होऊन तो गेला.

दुसरं नाव ग्रँड स्पॉल्डिंग डॉज, म्हणजेच ‘मिस्टर नॉर्म’. मालक नॉर्म क्राऊस. 1967 च्या डॉज डार्टमध्ये 383 चं इंजिन मावत नाही असं डॉजची मालक कंपनी क्रायस्लरचं म्हणणं होतं. क्राऊसच्या माणसांनी ते बसवलं आणि गाडी नेऊन दाखवली. मग कंपनीने स्वतःच 383 ची डार्ट काढली. त्यानंतर हे लोक पुढे सरकले आणि 1968 ला त्याच डार्टमध्ये 440 आलं. डीलरने कारखान्याला शिकवल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

तन्वी_एनजे

गॅरेजवालादादा, माझा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. न्यू जर्सीत एक 1969 ची कॅमॅरो विकायला आहे. विकणारे गृहस्थ म्हणतात ही कोपो 9561 आहे आणि येन्कोकडूनच विकली गेली होती. रंग, पट्टे, सीटच्या हेडरेस्टवरची येन्कोची अक्षरं, सगळं जागच्या जागी आहे. इंजिन 427 चं आहे. कागद मात्र फक्त टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला. मी गाड्यांवर काम करते, पण या प्रकारात नवीन आहे. चेसी नंबरवरून काही कळेल का?

गॅरेजवाला_पिट्सबर्ग

तन्वीताई, चेसी नंबरवरून जवळजवळ काहीच कळणार नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे.

1969 च्या कॅमॅरोचा नंबर 12437 ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ एवढाच: शेवरोले, कॅमॅरो, व्ही-8, दोन दारांची बंद छताची. पुढचा 9 म्हणजे वर्ष. त्यानंतर ‘एन’ असेल तर ओहायोतला नॉरवूड कारखाना. इंजिन सहा सिलिंडरचं की आठ, एवढंच तो नंबर सांगतो. 307 ची साधी गाडी आणि 427 ची कोपो, दोन्हींचा नंबर सारखाच वाचला जातो. फोर्ड आणि क्रायस्लरच्या नंबरात पाचवं अक्षर इंजिन सांगतं, शेवरोलेत त्या काळी ती सोय नव्हती.

मग बघायचं काय? एक म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट. वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली छोटी ॲल्युमिनियमची पट्टी. तिच्यावर चेसी नंबर, इंजिनाचा कोड, गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचा कोड उठवलेला असतो, आणि पहिल्या मालकाचं नावही लावलेलं असतं. ती मूळची असेल तर अर्धं काम झालं. दुसरा कागद म्हणजे बिल्ड शीट. कारखान्यात गाडी जोडताना कामगारांसाठी असलेला हा कागद कधी पेट्रोलच्या टाकीच्या वर, कधी सीटच्या स्प्रिंगांत सापडतो. टाकी उतरवल्याशिवाय सौदा करू नका.

आणि माझं आवडतं साधन: नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी चेसी नंबरवरून शेवरोलेचा शिपिंग रिपोर्ट देते. त्यात पर्याय, इंजिन, रंग काही नसतं. गाडी कारखान्यातून कोणत्या डीलरकडे रवाना झाली ते असतं. तुमची गाडी येन्कोकडे गेली असेल तर तिथे दिसेल. तिसऱ्याच राज्यातल्या डीलरचं नाव आलं तर विकणाऱ्याला प्रश्न विचारावे लागतील.

का ते सांगतो. येन्को आपल्या गाड्या इतर राज्यांतल्या डीलरांमार्फतही विकायचा. म्हणजे कॅनन्सबर्गला उतरलेली गाडी पहिल्या मालकाने भलतीकडेच घेतलेली असू शकते, आणि त्यात गैर काही नाही. पण उलटही होतं. कोपो 9561 च्या साधारण हजार गाड्या बनल्या, त्यातल्या सुमारे 200 येन्कोच्या. उरलेल्या इतर डीलरांनी जशा आल्या तशा विकल्या. त्या दिसायला अगदी साध्या, 427 चं चिन्ह नाही, पट्टे नाहीत, चाकांवर छोट्या वाटीसारख्या टोप्या. अशा साध्या कोपोवर येन्कोचे पट्टे ओढले की किंमत वाढते. गाडी खरी, नाव खोटं. ही फसवणूक पकडायला शिपिंग रिपोर्टसारखं साधन नाही.

कुर्ल्याचा_फिटर

मी मुंबईत जुन्या गाड्यांची इंजिनं उघडण्यात हयात घालवली. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ जुळायच्या, त्या गाड्या आमच्या हातांखालून भरपूर गेल्या. 1960 च्या मसल कारवर हात टाकायचा योग आला नाही, पण नंबर ठोकण्याबद्दल बोलू शकतो.

आपल्याकडे आरसी बुकात चेसी नंबरही असतो आणि इंजिन नंबरही. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. त्यामुळे आपल्या जुन्या गाडीचा इंजिनाचा इतिहास सरकारी कागदावर निदान अंशतः तरी राहतो. अमेरिकेच्या टायटलवर फक्त चेसी नंबर. तिथे इंजिन चार वेळा बदललं तरी कागद बोलणार नाही.

तन्वी, तुमच्या गाडीवर हे बघा. शेवरोलेच्या मोठ्या ब्लॉकवर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे एक सपाट जागा असते, तिथे नंबर ठोकलेला असतो. कारखान्यात ती जागा ब्रोच मशीनवर कापली जाते, त्यामुळे तिच्यावर एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा राहतात. ब्लॉक नंतर कुठे मशीनिंगला गेला असेल तर त्या रेघा पुसल्या जातात किंवा गोलसर होतात. रेघा गेल्या आणि नंबर मात्र चकचकीत ताजा, तर तो नंबर नंतर ठोकलेला आहे. भिंग आणि तिरका उजेड घेऊन बघायचं, वरून टॉर्च मारून काही दिसत नाही. फोटो काढण्याआधी पॉलिश पेपर लावू देऊ नका. विकणारा म्हणेल साफ करून देतो. नको म्हणायचं.

गॅरेजवाला_पिट्सबर्ग

काकांनी फार मोलाचं सांगितलं. त्याला जोड देतो: 427 ची ती इंजिनं न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यातली, म्हणून नंबर ‘टी’ ने सुरू होतो, मग महिना आणि तारीख, शेवटी दोन अक्षरं. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या कोपोला ‘एमएन’, ऑटोमॅटिकला ‘एमओ’. इंजिनाची तारीख गाडी जुळण्याच्या आधीची हवी, आणि फार आधीची नको. जुळणीचा आठवडा फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या) पट्टीवर असतो. मागच्या ॲक्सलवर ‘बीई’ आणि 4.10 चं गुणोत्तर सापडलं तर चांगली खूण, कारण ॲक्सलचे नंबर बदलण्याच्या भानगडीत लोक कमी पडतात.

फोर्डप्रेमी_नाशिक

चर्चा सगळी शेवरोलेची चाललीय म्हणून मधे पडतो.

ऱ्होड आयलंडमधल्या ईस्ट प्रॉव्हिडन्सला टास्का फोर्ड ही डीलरशिप होती. बॉब टास्का हा फोर्डच्या वरिष्ठांना तोंडावर सांगणारा डीलर होता की तुमची 390 ची मस्टँग रस्त्यावर मार खातेय. 1967 मध्ये त्याच्या लोकांनी एका मस्टँगचं इंजिन 428 चे भाग घालून नव्याने बांधलं. ती गाडी हॉट रॉड मासिकात आली आणि मासिकाने वाचकांनाच फोर्डला पत्रं लिहायला लावली. परिणाम, 1968 ची 428 कोब्रा जेट. फोर्डने सुरुवातीच्या 50 गाड्या ड्रॅगसाठी हलक्या करून काढल्या आणि त्यातल्याच एका गाडीने पोमोनाच्या विंटरनॅशनल्स या एनएचआरएच्या स्पर्धेत सुपर स्टॉक वर्ग जिंकला, चालक अल जोनिएक. जाहीर ताकद 335 अश्वशक्ती. ती किती खरी होती हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि फोर्डचा माग काढणं सोपं आहे. 1967 पासूनच्या गाड्यांची कारखान्याची नोंद शाबूत आहे, केव्हिन मार्टीच्या रिपोर्टमध्ये चेसी नंबर दिला की इंजिन, ॲक्सल, रंग, डीलर सगळं मिळतं.

आता माझा आक्षेप. 1967-68 च्या येन्को आणि निकीच्या गाड्या म्हणजे 396 ची गाडी घेऊन इंजिन बदललेलं. कारखान्याच्या नोंदीत ती 396 चीच. तिला ‘अस्सल’ कसं म्हणायचं? 1969 ची कोपो निदान कारखान्यात बनली.

गॅरेजवाला_पिट्सबर्ग

प्रश्न रास्त आहे, पण मी उलट बाजूचा आहे. 1967 ची येन्को हीच खऱ्या अर्थाने डीलरची गाडी. निर्णय त्याचा, हात त्याच्या मेकॅनिकांचे, वॉरंटीची जोखीमही त्यानेच अंगावर घेतलेली. 1969 ला त्याने फॉर्म भरला, पट्टे लावले. माझ्या लेखी इतिहास म्हणून 67 चं वजन जास्त.

अडचण पुराव्याची. तिथे कारखान्याचा कागद ‘396’ म्हणणार आणि तो बरोबरच असणार. म्हणून डीलरचं बिल, दाराच्या चौकटीत रिवेट केलेली येन्कोची पट्टी, पहिल्या मालकाचे कर्जाचे कागद, यांवर सगळं उभं राहतं. अशा गाडीतला येन्कोने बसवलेला 427 चा ब्लॉक ‘नंबर जुळत नाही’ म्हणून नाकारणं चूक आहे. तो जुळला तरच संशय घ्यायला हवा.

स्ट्रिपवर पळालेल्या गाडीचं मूळ इंजिन टिकणं तसंही दुर्मीळ. इंजिनं फुटायची, नवा ब्लॉक यायचा, पुढचे फेंडर कापले जायचे. झेडएल-1 मध्ये तर काहींचं ॲल्युमिनियमचं इंजिन काढून रेससाठी वेगळं विकलं गेलं आणि गाडीत साधं इंजिन आलं. आणि परत गेलेल्या त्या 37 गाड्यांचा माग काढताना दोन डीलर सापडतात: पहिलं बिल ला हार्पचं, मग दुसऱ्याच शहरातल्या डीलरचं. हे माहीत नसलेला माणूस अस्सल कागदाला बनावट ठरवून बसतो.

मीरा_डेट्रॉईट

मी ऑटो क्षेत्रात काम करते, आणि मला जनरल मोटर्सच्याच पाँटियाक गाड्या विकणारी रॉयल पाँटियाक इथे यायलाच हवी असं वाटतं. ही सगळी परंपरा तिथे सुरू झाली. मिशिगनमधल्या रॉयल ओकची ही डीलरशिप, मालक एस विल्सन. जिम वँगर्स हा पाँटियाकच्या जाहिरात कंपनीतला माणूस, त्याने 1960 ला डेट्रॉईट ड्रॅगवेवर झालेल्या एनएचआरए नॅशनल्समध्ये रॉयलची पाँटियाक कॅटलिना पळवून टॉप स्टॉक वर्ग जिंकला. मग ‘रॉयल बॉबकॅट’ नावाने जेट, गॅस्केट, डिस्ट्रिब्युटरचे बदल किट म्हणून विकले जाऊ लागले.

माग काढणाऱ्यांसाठी इथे एक धडा आहे. 1964 ला कार अँड ड्रायव्हर मासिकाने पाँटियाक जीटीओची जी चाचणी घेतली, तिच्या आकड्यांनी त्या गाडीची कीर्ती झाली. त्यातल्या लाल गाडीत 389 ऐवजी 421 चं इंजिन होतं, हे वँगर्सने स्वतः नंतर सांगितलं. तेव्हा जुनं मासिक, जुनी जाहिरात यांना पुरावा म्हणून वापरताना ती गाडी कोणी पुरवली होती हे आधी पाहा. ज्या डीलरची गाडी, तोच तिला सजवून देणारा.

पाँटियाकचे कागद मात्र छान जपलेले आहेत. पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलाची प्रत मिळते. आणि गाडी कॅनडात विकली गेली असेल तर जनरल मोटर्स कॅनडाकडे शेवरोलेचीही पूर्ण नोंद असते. त्यामुळे कॅनडातली कोपो सिद्ध करणं अमेरिकेतल्या गाडीपेक्षा सोपं जातं.

शिकागोकर

मीराताई, जाहिरातींवरून आठवलं. लाँग आयलंडच्या बाल्डविन-मोशनची जाहिरात ‘फेज 3’ गाड्यांना पाव मैल 11.50 सेकंद आणि ताशी 120 मैलांची लेखी हमी द्यायची. जोएल रोझेनचं मोशन परफॉर्मन्स आणि शेजारची बाल्डविन शेवरोले, अशी जोडी. प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे, त्यामुळे दोन गाड्या सारख्या नाहीत. तिथे तर ऑर्डर फॉर्मच सगळं काही.

हे सगळं संपलं कसं, तेही नोंदवून ठेवतो. आधी विम्याने कंबरडं मोडलं. विशीतल्या मुलाला 427 च्या गाडीचा विमा परवडेना, म्हणून येन्कोने 1970 ला नोव्हात 350 चं एलटी-1 घालून ‘ड्यूस’ काढली, 175 गाड्या. इंजिन लहान, म्हणून हप्ता आवाक्यात. मग प्रदूषणाचे कायदे आले आणि डीलरने इंजिनात असे बदल करणं बेकायदा ठरलं.

तन्वी_एनजे

सगळ्यांचे आभार. रविवारी परत जाऊन आले. काकांनी सांगितल्याप्रमाणे भिंग आणि तिरका उजेड. समांतर रेघा स्पष्ट आहेत, नंबरात ‘एमएन’ आहे, आणि इंजिनाची तारीख फायरवॉलवरच्या आठवड्याच्या काही आठवडे आधीची. ॲक्सलवर ‘बीई’. बॉनेट काउल इंडक्शनचं (काचेच्या बाजूने इंजिनाला हवा देणारं), पुढे डिस्क ब्रेक. टाकीवर कागद नाही.

शिपिंग रिपोर्ट आला. डीलर ओहायोतला आहे, येन्को नाही. विकणाऱ्यांकडे येन्कोचं बिल, पट्टी, काहीच नाही. पट्टे त्यांच्या आधीच्या मालकाने लावले असावेत असं ते आता म्हणतात.

गॅरेजवाला_पिट्सबर्ग

तन्वीताई, मग तुमच्यासमोर एक अस्सल वाटणारी साधी कोपो 9561 आहे, आणि ती येन्को नाही. त्याच किमतीत बोला. घेतलीत तर पट्टे काढून टाका आणि ओहायोच्या त्या डीलरच्या मागे लागा: डीलरशिप बंद असली तरी मालकाचं कुटुंब, जुना सेल्समन, गावच्या वर्तमानपत्राच्या 1969 च्या जाहिराती, जवळच्या स्ट्रिपचे फोटो. गाडीच्या खिडकीवर वर्गाची अक्षरं रंगवलेली असायची, फोटोत ती वाचता येतात. एखाद्या डीलरने येन्कोचं नाव न लावता कोपो मागवली असेल तर त्याच्याकडे बहुधा कोणी तरी रेसर होता. तो शोधा आणि इथे लिहा.

कुर्ल्याचा_फिटर

आणि पट्टे काढताना सँडिंग करू नका. खालचा मूळ रंग एखाद्या कोपऱ्यात शिल्लक असेल, तो जपा. फायरवॉलच्या पट्टीवरच्या रंगाच्या कोडशी तो जुळतो का ते आधी बघा.